तुरळक ठिकाणी

वीस रुपये सुट्टे नव्हते. मे महिन्यातली दुपार, साडेचारचा सुमार. सकाळपासून हवा अशी कोंडलेली की पंख्याखाली बसूनही मानेवरचा घाम थांबत नव्हता. आमच्या सोसायटीच्या फाटकाबाहेर गुलमोहराच्या सावलीत इस्त्रीचं टेबल लावणारे भाऊ कपड्यांचं गाठोडं घेऊन वर आले होते. बारा कपड्यांचे एकशेवीस झाले. शंभराची नोट हातात होती, वरचे वीस कुठे मिळेनात. “राहू द्या काकू, उद्या द्या,” ते म्हणाले. पण उधारी ठेवायची नाही ही आमच्या घरातली जुनी सवय. “थांबा हो, आहेत इथेच कुठेतरी,” म्हणत मी पर्स उलटी केली, फ्रिजवरचं ताट चाचपलं, टेबलाचा खण उपसला आणि शेवटी देवघरात गेले. समईमागे एक छोटी वाटी असते, आरतीत टाकायला सुटे पैसे ठेवलेली. तिच्यात दहाच्या दोन नोटा होत्या. त्या घेऊन वळले आणि तेवढ्यात घरातल्या सगळ्या खिडक्या एकदम आपटल्या.

वळवाचा वारा पावसाच्या आधी येतो. वर ढगात गार झालेली हवा थेंबांना घेऊन खाली कोसळते, जमिनीवर आपटते आणि चहूकडे पसरते, म्हणून अंगावर एकही थेंब पडायच्या आत तो गार झोत येऊन पोचतो. लहानपणी आम्ही त्या झोतासाठी गच्चीवर धावायचो, फ्रॉक फुगवून उभ्या राहायचो. त्या दिवशी तसं काही सुचायला वेळच मिळाला नाही. समोरच्या इमारतीवरची कुणाची तरी चादर उडून तारांवर अडकली, धुळीने डोळे मिटले, आणि आवाज आला. आधी जाड कापड टरकावं तसा लांबलचक. मग क्षणभर काहीच नाही. मग पत्र्याचा.

भाऊ जिन्यात पोचलेसुद्धा होते. मी गॅलरीतून खाली बघितलं. गुलमोहर होता तिथे आभाळ दिसत होतं. मी तशीच अनवाणी त्यांच्या मागे धावले, आणि पहिल्या वळणावर माझ्या तोंडून जे निघालं ते असं: “देवानं राखलं हो तुम्हाला! दोन मिनिटं आधी खाली गेला असता तर...” वीस रुपये न सापडणं, मग देवघरातच सापडणं, सगळं माझ्या मनात एका क्षणात जुळून आलं होतं. अंगावर काटा होता. ते थांबले नाहीत. पायऱ्या उतरता उतरता मान फिरवून त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि दोनच शब्द बोलले.

“आणि तिला?”

त्यांची बायको खाली होती. टेबलापाशी. रोज असते तशीच. इतकी वर्षं मी तिला रोज बघतेय, येता-जाता बोलतेय, आणि त्या क्षणी, देवाने कुणाला राखलं याचा हिशेब मांडताना, ती माझ्या ध्यानातच नव्हती.

खाली गेले तेव्हा पाऊस सुरू झाला होता. मोठमोठे, तुटक थेंब. अर्धं झाड रस्त्यावर आडवं होतं आणि त्याखाली पत्र्याची टपरी वाकून जमिनीला टेकली होती. आमच्याकडे अजून कोळशाची इस्त्री आहे. ती उलटून पडली होती आणि निखारे ओल्या डांबरावर विखुरले होते. मे महिना, म्हणजे गुलमोहर भर फुलात. सगळीकडे लाल पाकळ्याच पाकळ्या आणि त्यांच्यात निखारे. कुठलं फूल आणि कुठला विस्तव हे ओळखू येईना. थेंब पडला की त्यातल्या एखाद्यातून ‘चस्स’ करून वाफ निघे, तेव्हाच कळे. जळक्या सुती कापडाचा वास, ओल्या मातीचा वास, आणि ताज्या मोडलेल्या लाकडाचा कच्चा, हिरवा वास. लोक धावले. वॉचमन, समोरचा किराणावाला, क्लासला निघालेली दोन मुलं. तिचा हात दिसला, बांगड्या दिसल्या, आणि मग आवाज आला तिचा, अगदी स्पष्ट: “इस्त्री उचला आधी, कुणाचा पाय पडंल.”

खांद्याजवळचं हाड मोडलं होतं. डोक्याला चार टाके. टेबलाचा जाड पाट तिच्या आणि फांदीच्या मध्ये आला होता. अग्निशमन दलाच्या जवानांनी यंत्राच्या करवतीने झाड कापलं तेव्हा बुंधा आतून पोकळ निघाला, मूठ जाईल एवढा. बाहेरून इतकी वर्षं तो आम्हाला धडधाकट दिसत होता. गुलमोहराची मुळं तशीही फार खोल जात नाहीत, वरच्यावर पसरतात. त्यात फुटपाथ करताना खोदलं, केबल टाकताना खोदलं, बुंध्याला अगदी खेटून सिमेंट भरलं. दरवर्षी मेमध्ये आम्ही त्याचे फोटो काढायचो. मुळांकडे कुणी बघितलं नव्हतं.

त्या रात्री फोन सुरू झाले. बहीण, नणंद, मुलगा. प्रत्येकाला मी तीच गोष्ट सांगितली, वीस रुपये, देवघर, वाटी. प्रत्येक वेळी ती थोडी अधिक नेटकी होत गेली. पाचव्यांदा सांगताना माझ्या लक्षात आलं की माझ्या गोष्टीत ती बाईच नाहीये. झाड पडतं, नवरा वाचतो, देवाची कृपा होते, गोष्ट संपते. मी फोन ठेवला. बाहेर पाऊस थांबून गच्चीच्या पन्हळीतून नुसतं ठिबकत होतं, आणि मला एकदम आजीने दार लावल्याचा आवाज आठवला. म्हणजे तो आवाज मी कधी ऐकलेला नाही. ती हकीकत माझ्या जन्माआधीची, आईने सांगितलेली. पण इतक्यांदा सांगितलेली, की तो आवाज माझाच झाला आहे.

माझी आजी, आईची आई, 1961 साली नारायण पेठेत एका वाड्यात राहायची, नदीपासून हाकेच्या अंतरावर. 12 जुलै, बुधवार. पानशेतचं नाव काढलं की पुण्यातल्या जुन्या माणसाला वार सांगावा लागत नाही. सकाळी रस्त्यावर लोक ओरडत निघाले, धरण फुटलं, पळा. कुणाचा विश्वास बसेना. धरण तिकडे कुठेतरी डोंगरात, ते फुटून पेठेत काय होणार? आजीला खालच्या मजल्यावरच्या कुणीतरी हाताला धरून ओढलं म्हणून ती निघाली. दोन्ही मुलं, आई तेव्हा नऊ वर्षांची, आणि तांदळाचा डबा. देवांना घ्यायचं राहिलं. देव घरातच राहिले आणि माणसं पर्वतीच्या दिशेने चालू लागली. दुपारी त्याच्या खालचं खडकवासला धरणही फुटलं. वाड्यांच्या भिंती पांढऱ्या मातीच्या, लाकडी सांगाड्यात भरलेल्या. ती माती पाण्यात विरघळली. आई सांगायची, वाडा पडला नाही, बसला. दमलेलं माणूस भिंतीला टेकून हळूहळू खाली बसतं तसा. परत आल्यावर सगळीकडे गुडघाभर गाळ, त्याला मेलेल्या जनावरांचा आणि भिजलेल्या धान्याचा वास, आणि गंमत अशी की एवढ्या पाण्यानंतर शहरात प्यायला पाणी नव्हतं. गंमत म्हणवत नाही खरं तर, पण आई हाच शब्द वापरायची. आठवडाभराने गाळ उपसताना देव्हाऱ्यातला पितळेचा बाळकृष्ण सापडला. रांगता, एक हात वर केलेला, हातातला लोण्याचा गोळा तसाच. तो अजून माझ्या देवघरात आहे. त्याच्या गुडघ्याच्या खाचेत एक काळपट रेघ आहे, चिंच लावून घासली तरी ती जात नाही.

ज्या बाईने आजीला हाताला धरून ओढलं, तिचा नवरा शिवणाचं यंत्र आणायला परत गेला. पोटाचं साधन होतं ते. तो आला नाही.

पुढे पूरग्रस्तांना घरं मिळाली. आजीला गोखलेनगरात मिळालं आणि त्या बाईला दोन दारं सोडून. तिथे एक दिवस आजोबांची बहीण भेटायला आली. दारातूनच मोठ्याने म्हणाली, “देवाची कृपा हो, तुम्ही सगळे वाचलात!” आणि नेमकी ती बाई बाहेर नळावर घागर भरत होती. आजी उठली आणि तिने दार लावलं. आई म्हणायची, तो आवाज मोठा नव्हता, पण आत्याबाई पुन्हा तसं बोलल्या नाहीत. त्या दिवसापासून आजीच्या घरात ‘वाचलो’ हा शब्द बंद झाला. पानशेताचा विषय निघाला की ती म्हणायची, “आम्ही राहिलो.” मी शाळेत असताना एकदा तिला विचारलं होतं, की असं का म्हणतेस. तिने तांदूळ निवडता निवडता उत्तर दिलं, “वाचलो म्हटलं की आपण काहीतरी जिंकल्यासारखं वाटतं. आम्ही काही केलं नव्हतं. ती माणसं गेली, आम्ही राहिलो.” मला तेव्हा ते नीटसं कळलं नाही. शब्दात काय एवढं, असं वाटलं.

आजीचं आणखी एक होतं. तिन्हीसांजेला दिवा लावून देवाला नमस्कार केला, की ते जोडलेले हात तसेच ती पश्चिमेच्या खिडकीकडे वळवायची. मला वाटायचं, मावळत्या सूर्याला करत असेल. ती गेल्यावर आईने सांगितलं, तो नमस्कार जवानांना होता. आदल्या रात्रभर लष्कराच्या जवानांनी पानशेतच्या बांधावर वाळूची पोती रचली होती. धरण त्यांनी वाचवलं नाही, पण काही तास तोलून धरलं. ते पाणी रात्री, सगळं शहर झोपलेलं असताना आलं असतं तर? दिवसाउजेडी आलं म्हणून आजी मुलांना घेऊन चालत निघू शकली. त्या पोरांची नावं तिला माहीत नव्हती, ती कुठल्या प्रांतातली होती तेही नाही. आपला जीव किती जणांच्या हातातून आला आहे, याचा तिला विसर पडला नाही. त्या हातांच्या मागे देवाचा हात आहे, एवढंच ती धरून होती, त्यापुढचं विचारत नव्हती. आणि माझी अडचण अशी, की मला त्यापुढचं विचारावंसं वाटतं.

माझे एक मामा हवामान खात्यात, सिमला ऑफिसात नोकरीला होते. 1928 साली ते ऑफिस सिमल्याहून पुण्यात आलं आणि चौकाला नाव देऊन बसलं. मामांच्या घरी जेवताना सगळे त्यांना विचारायचे, उद्या पडणार का पाऊस? ते शांतपणे सांगायचे, “आम्हाला जिल्हा सांगता येतो, गल्ली सांगता येत नाही.” वळवाचा ढग रुंदीला काही किलोमीटरच असतो, उंचीला मात्र दहा-बारा किलोमीटर सहज चढतो, आणि जेमतेम तासाभराचं त्याचं आयुष्य. म्हणूनच कोथरूडला गुडघाभर पाणी आणि हडपसरला धूळ, हे आपण दर उन्हाळ्यात बघतो. त्या दिवशीच्या सकाळच्या बातम्यांतही ते नेहमीचं वाक्य होतं. ‘तुरळक ठिकाणी मेघगर्जनेसह व सोसाट्याच्या वाऱ्यासह पावसाची शक्यता.’ इतक्या वर्षांत ते वाक्य मी कधी कान देऊन ऐकलं नव्हतं. झाड पडल्यानंतरच्या आठवड्यात मी पेपर हातात घेऊन त्या दोन शब्दांकडेच बघत बसले. तुरळक ठिकाणी. ते ठिकाण म्हणजे एक सहा फुटी टेबल होतं. त्यावर घडी घातलेल्या साड्या होत्या, कडेला पाण्याचा तांब्या होता, आणि मागे एक बाई उभी होती.

आम्ही राहतो ते सहकारनगर. इथल्या माणसाला पाण्याची भीती कुणी नव्याने शिकवायला नको. 25 सप्टेंबर 2019 ची रात्र, तोही बुधवारच. कात्रजच्या डोंगरात निघणारा आंबिल ओढा इतकी वर्षं आमच्यासाठी नाक दाबून ओलांडायची जागा होता. पेशव्यांनी त्याचं पात्र वळवून पर्वतीखाली तळं केलं, ज्याच्या जागी आता सारसबाग आहे, असल्या गोष्टी पाहुण्यांना सांगायला बऱ्या. त्या रात्री तो ओढा आपला रस्ता शोधत आला. आम्ही दुसऱ्या मजल्यावर होतो. दिवे गेले होते. खाली पार्किंगमधून गाड्या एकमेकींवर आदळल्याचे बोथट आवाज येत होते, आणि पाण्याखाली गेलेल्या काही गाड्यांचे दिवे लागलेलेच होते. काळ्या पाण्याच्या आतून येणारा तो पिवळा उजेड, हलणारा, मग एकेक करून विझणारा. कुठून तरी गुरांचं हंबरणं. अरण्येश्वरजवळ भिंत कोसळून माणसं गेली, ती आमच्यापासून चालत दहा मिनिटांवर. पुणे आणि आसपास मिळून त्या रात्रीत वीसहून जास्त माणसं गेली. आम्ही वर बाळकृष्णासमोर बसून स्तोत्र म्हणत होतो. मला खात्री आहे की त्या भिंतीपलीकडेही कुणीतरी म्हणत असेल.

सकाळी जिन्याच्या सातव्या पायरीपर्यंत गाळ होता. तीन दिवसांनी घटस्थापना. दरवर्षी घटाची माती मी मंडईतून आणते. त्या वर्षी खाली मातीच माती होती, काळी, मऊ, कात्रजच्या डोंगरावरून वाहून आलेली. मनात आलं, यातलीच परडीभर घ्यावी, हिच्यातही गहू उगवेल. वाकलेसुद्धा. पण हात मागे आला. त्या मातीत लहान मुलाची एक चप्पल रुतलेली होती, निळ्या पट्ट्याची. कुणाची ते कळलं नाही. कदाचित एखाद्या घरातून नुसतीच वाहून आली असेल, मूल सुखरूप असेल. मी मंडईत जाऊन माती विकत आणली. नऊ दिवस घट छान आला, हिरवागार, आणि नऊही दिवस त्याच्याकडे बघताना मला ती चप्पल दिसत होती.

एक गोष्ट मला स्पष्ट सांगायला हवी. ओढ्याचं पात्र आवळून त्यात इमारती देवाने बांधल्या नाहीत. मुळांभोवती सिमेंट देवाने ओतलं नाही. 25 जुलै 2024 ला खडकवासल्यातून पाणी सोडलं, विसर्ग 35,000 क्युसेकच्या वर गेला. म्हणजे सेकंदाला जवळजवळ दहा लाख लिटर. सिंहगड रस्त्यावर एकतानगरीतले लोक पहाटे उठले ते पाण्यातच. त्याच दिवशी डेक्कनला नदीकाठी तीन तरुण आपली हातगाडी पाण्यातून हलवताना विजेचा धक्का बसून गेले. अंडाभुर्जीची गाडी. अशा मरणांना ‘देवाची मर्जी’ म्हणणं मला पाप वाटतं. आपल्या हलगर्जीपणाला देवाच्या पदराआड लपवायचं, हे माझ्या आजीने कधी खपवून घेतलं नसतं. पोती रचणाऱ्यांना जी नमस्कार करत होती, तिला पोती न रचणारेही दिसत असणारच.

पण सगळं नीट केलं, झाडांची तपासणी केली, ओढे मोकळे ठेवले, तरी शेवटी गल्ली सांगता येत नाहीच. तिथे मी येऊन थांबते. आभाळ फाटलं की आपली विद्या, आपला पगार, आपली दुसऱ्या मजल्यावरची सुरक्षित गॅलरी, सगळं एका पोकळ बुंध्यावर उभं असल्यासारखं वाटतं. आपण रोज सकाळी उठतो ते कुणाच्या तरी आधाराने, आणि तो आधार आपल्या हातात नाही. हे मला पटतं. अगदी आतून पटतं. वळीव सुरू झाला की मी दिवा लावते, ती नुसती सवय नाही. मला जे छळत होतं ते वेगळं. तो आधार सगळ्यांचा एकच असेल, तर तो माझ्यापुरता, माझ्या वीस रुपयांपुरता झुकला असं म्हणताना मी कुणाला खाली ढकलते आहे? “आणि तिला?” या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नाही. महिनाभर मी शोधलं. टेबलाचा पाट मध्ये आला, म्हणजे तिलाही राखलंच की, असं एका मैत्रिणीने समजावलं. बरोबर असेल. पण मग त्या तीन पोरांचं काय, निळ्या चपलेचं काय, शिवणयंत्र आणायला गेलेल्या त्या माणसाचं काय?

मधल्या काळात मी दोनदा दवाखान्यात जाऊन आले, डबा घेऊन. सोसायटीने वर्गणी काढली. कुणीतरी आपली पैठणी जळाली म्हणून विचारायला आलं, तेव्हा मला राग आला. मग आठवलं, त्या दिवशी संध्याकाळी मी स्वतः वर येऊन आमचे बाराही कपडे नीट आल्याचं मोजून बघितलं होतं. भाऊ एकदा जिन्यात भेटले. म्हणाले, “काकू, त्या दिवशी मी तोंडाला आलं ते बोललो.” मी म्हटलं, “नाही हो, बरोबर बोललात.” दोघांनाही पुढे काही सुचलं नाही. ते वर गेले, मी खाली.

जूनच्या पहिल्या आठवड्यात टेबल परत लागलं. झाडाचा बुंधा कापून उरलेल्या खुंटावर आता कोळशाचं पोतं असतं. सावली नाही, म्हणून वर निळी ताडपत्री. तिचा डावा हात गळ्यात अडकवलेला, ती उजव्या हाताने पाणी शिंपडायची आणि घड्या करायची, इस्त्री ते फिरवायचे. टपरीच्या खांबावर विठोबा-रखुमाईची छोटी तसबीर असते, तिची काच गेली होती. तसबीर तशीच बिनकाचेची परत लावली होती आणि खाली उदबत्ती. मी तिथे उभी राहिले. काय विचारायचं ते माझं मलाच कळत नव्हतं. म्हटलं, “अगं, तुला राग नाही आला?” कुणाचा ते मी बोलले नाही. तिला कळलं.

ती हसली थोडीशी. मग तिने मला गारांची गोष्ट सांगितली. 2014 साली फेब्रुवारी-मार्चमध्ये मराठवाड्यात दिवसेंदिवस गारपीट झाली, ती आपण इथे पेपरात वाचली होती. ती लातूरकडची. “ज्वारी काढणीला आलेली काकू. लिंबाएवढ्या गारा. आमच्या रानात एक ताट उभं राहिलं न्हाई. अन् बांधाच्या पलीकडं दिराचा हरभरा, त्याला काही सुदिक झालं न्हाई. एकच बांध मधी.” तिने साडीवर पाणी शिंपडलं. “त्यानं देवळात नारळ फोडला. मला लई वाईट वाटलं तवा. म्हटलं, आपुन जावं का न्हाई? पण हे म्हणले, चल. गेलो आमी बी प्रसादाला. खाल्लं खोबरं.”

“मग?”

“मग काय. देव त्याचा अन् आमचा एकच हाय ना. दुसरा कुठून आणायचा?” आणि घडी घातलेली साडी तिने माझ्या हातात दिली, कडा पकडायला. त्याच वर्षी ते पुण्याला आले होते, आणि सावली बघून त्या गुलमोहराखाली टेबल टाकलं होतं.

परवाची गोष्ट. संध्याकाळी पाचला अंधारून आलं. अजून मोसमी पाऊस नव्हता, वळवाचाच शेवटचा झटका असावा. मी भाजी घेऊन परत येत होते. भाऊ कपडे पोचवायला समोरच्या सोसायटीत गेलेले. वारा आला आणि ताडपत्रीचा एक कोपरा सुटून फडफडायला लागला. ती एका हाताने दोरी पकडायला बघत होती. मी पिशवी खाली टाकली आणि दुसरा कोपरा धरला. ताडपत्रीत वारा भरला की किती ओढ असते, हे मला या वयापर्यंत माहीत नव्हतं. तळहात चर्रकन कापल्यासारखे झाले. दोरी दोनदा हातातून निसटली, तिसऱ्यांदा तिने दातात गाठ धरली आणि मी आवळली. तिने पहिल्यांदा इस्त्री झाकली, मग तसबीर काढून पदरात घेतली आणि आम्ही दोघी धावत जिन्याखाली येऊन उभ्या राहिलो. वीज चमकली. मी मनात आकडे मोजायला लागले. एक, दोन, तीन, चार. गडगडाट आला तेव्हा मला वाटलं, सव्वा किलोमीटर, म्हणजे पर्वतीच्या आसपास. तिथेही कुणीतरी आडोशाला असेल. पुढची वीज चमकली आणि दोनच आकडे झाले. तिने माझा दंड पकडला, घट्ट, चांगल्या हाताने. मीही पकडला. कुणीच काही बोललं नाही.

पाऊस लागून राहिला. फाटकाजवळ पाणी साचायला लागलं, त्यात गुलमोहराच्या वाळक्या शेंगा तरंगत होत्या, गेल्या वर्षीच्या. समोरून भाऊ डोक्यावर प्लॅस्टिक धरून येताना दिसले आणि तिने माझा दंड सोडला. बोटांचे वळ उठले होते.

“अगंबाई,” ती एकदम म्हणाली, “काकांचे दोन शर्ट राहिले बघा काकू, पाणीबी मारून ठेवलं हुतं.”

“राहू दे,” मी म्हटलं.